परसातील शिंजीर

पुण्याची थोरवी सांगणारे गृहस्थ पर्वती सांगतात, शनिवारवाडा सांगतात, विद्यापीठाची इमारत सांगतात. परंतु मार्केट यार्डाचे नाव त्यांच्या तोंडून सहसा निघत नाही. निघालेच तर ते कांद्याचा भाव चढला म्हणून, किंवा दसऱ्याच्या तोंडावर झेंडू कोसळला म्हणून. ही उपेक्षा आम्हांस अन्यायाची वाटते. साऱ्या शहराच्या चुली ज्या बाजाराच्या जिवावर पेटतात, त्याला इतिहासात नसले तरी कृतज्ञतेत स्थान असावयास काय हरकत आहे? पेठांच्या अरुंद गल्ल्यांतून गुलटेकडीच्या मोकळ्या जागेवर आलेला हा घाऊक बाजार आता चहूंकडून इमारतींनी वेढला गेला आहे. आणि त्या इमारतींच्या आड राहून गेलेल्या एका जुन्या बैठ्या घरात आम्ही गेली बावीस वर्षे राहत आहो.

मध्यरात्र उलटली की मालमोटारींची घरघर सुरू होते. पहाटे हमालांच्या हाका, अडत्यांचे पुकारे आणि हातगाड्यांचा खडखडाट यांनी आसमंत भरून जातो. वारा फिरला तर कधी कोथिंबिरीचा, कधी गुळाचा आणि कधी कुजलेल्या कोबीचा वास घरात येतो. येथे प्रत्येक वस्तू काट्यावर चढते. येथील भाषाच मुळी किलो-क्विंटलांची. अशा ठिकाणी सात-आठ ग्रॅम वजनाच्या एका पाखरापायी रोज पहाटे खुर्ची टाकून बसणारा मनुष्य शेजाऱ्यांस थोडासा चळलेला वाटल्यास नवल नाही. एका मध्यम कांद्याच्या भारंभार असे दहा पक्षी तोलले जातील!

या पाखराचे नाव शिंजीर. कोणी त्याला सूर्यपक्षी म्हणतात. दोन्ही नावे आम्हांस प्रिय आहेत. परंतु व्युत्पत्तिशास्त्री काहीही म्हणोत, ‘शिंजीर’ या शब्दात आम्हांस पैंजणांचा शिंजारव ऐकू येतो, आणि पक्ष्याचा तो बारीक, तुटक, धातूवर धातू वाजावा तसा ‘चिट्-चिट्’ स्वर एकदा ऐकला म्हणजे हा आमचा हट्ट अगदीच निराधार नाही हे वाचकांसही पटेल. मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांची रानावनांत विखुरलेली मराठी नावे गोळा करून ‘पक्षिकोश’ सिद्ध केला, त्या श्रमांचे मोल आम्हांस अशा वेळी विशेष जाणवते. नाव ठाऊक नसलेल्या पक्ष्याकडे आपण नुसते बघतो. नाव ठाऊक असलेल्या पक्ष्याची आपण वाट पाहतो.

आमच्या परसात दोन जातींचे शिंजीर येतात. एक जांभळा. विणीच्या दिवसांत याचा नर नखशिखान्त निळाजांभळा असतो. तो हंगाम सरला की बहुतेक सारे वैभव उतरवून ठेवतो आणि मादीसारखा साधा पिवळट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत तेवढी एक काळसर पट्टी शिल्लक राहते. लग्नातला शेला पेटीत घालून पंचा नेसून फिरणाऱ्या नवरदेवासारखाच हा प्रकार. दुसरा शिंजीर जांभळ्या पाठीचा. त्याच्या पोटाखाली हळदीसारखा पिवळा रंग असतो आणि तो आपला पोशाख बारा महिने बदलत नाही. या दोघांचीही चोच बाकदार व सुईसारखी असते आणि जीभ नळीसारखी असून टोकाशी दुभंगलेली असते. तिच्या योगाने ते फुलातील मध ओढून घेतात. जास्वंदीसारख्या मोठ्या फुलाच्या तोंडाशी जाण्याचा शिष्टाचार त्यांना मान्य नसतो. देठाजवळ भोक पाडून ते सरळ कोठारालाच हात घालतात. बाजारातील दलाल टाळून थेट शेतावर माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याची आठवण आम्हांस अशा वेळी येते.

आमच्या महाविद्यालयातील मुले हा पक्षी पाहिला की ‘हमिंगबर्ड!’ असे ओरडतात. त्यात त्यांचा दोष थोडा, त्यांच्या पुस्तकांचा अधिक. जन्मभर इंग्रजी वाङ्मय शिकवून आमच्याही डोक्यात नाइटिंगेल आणि स्कायलार्क यांची जेवढी गर्दी झाली, तेवढी कोतवालाची आणि चंडोलाची झाली नाही. वस्तुतः हमिंगबर्ड, ज्याला आपल्याकडे गुंजनपक्षी असे सुरेख नाव मिळाले आहे, तो हिंदुस्थानात नाहीच. त्याच्या साडेतीनशेंच्या वर जाती आहेत आणि त्या साऱ्या अमेरिका खंडांत आहेत. शिंजिराचे घराणे आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेपर्यंत पसरलेले. दोघांच्या मध्ये महासागर; आणि रक्ताचे नाते पाहू गेल्यास त्याहूनही मोठे अंतर. शिंजीर हा गाणाऱ्या पक्ष्यांच्या कुळातला, फुलटोच्याचा आप्त आणि चिमणीच्या विस्तृत भाऊबंदकीतला. गुंजनपक्ष्याचे सगेसोयरे म्हणजे पाकोळ्या. त्या पाकोळ्या, ज्या पुलांच्या कमानींखाली आणि जुन्या इमारतींच्या वळचणीला घरटी करतात आणि तिन्हीसांजेला यार्डाच्या पत्र्यांवर किलबिलत घिरट्या घालतात.

मग या दोघांत एवढे साम्य का? शास्त्रज्ञांचे उत्तर असे की, काम सारखे पडले म्हणून. फुलाच्या खोल नळीतून मध काढावयाचा हा एकच धंदा दोन परक्या कुळांनी पृथ्वीच्या दोन बाजूंना पत्करला. धंद्याने दोघांना लांब चोच दिली, लहान शरीर दिले आणि झगझगीत पिसारा दिला. तथापि सवयी मात्र निराळ्या राहिल्या. गुंजनपक्षी फुलापुढे हवेतच तरंगतो, मागल्या मागे उडतो, आणि लहान जातींचे पंख सेकंदाला पन्नासाहून अधिक वेळा हलतात. शिंजिरालाही क्षणभर तरंगता येते. परंतु त्याचा कल फांदीवर बसून, मान वाकडी करून, निवांतपणे पिण्याकडे असतो. एक उभ्याने चहा घेणारा, दुसरा पाटावर बसून जेवणारा.

हे सारे ज्ञान आम्हांस आपोआप झाले नाही. ते आमच्या कन्येने करून दिले. ती शिक्षणासाठी कॅलिफोर्नियास गेली आणि पुढे नोकरीच्या निमित्ताने तेथेच राहिली. तिच्या भाड्याच्या घरामागे वीतभर अंगण आहे. तेथे तिने काचेची एक बाटली टांगली आहे. बाटलीच्या बुडाशी तांबडी फुले कोरलेली तबकडी, आणि आत चार भाग पाण्यात एक भाग साखर. त्या बाटलीवर ॲनाचा गुंजनपक्षी येतो. (१८२९ साली एका फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञाने रिव्होलीच्या ॲना नावाच्या डचेसवरून त्याचे हे नाव ठेवले.) नराच्या गळ्यावर आणि माथ्यावर गुलाबी माणकांची झूल असते. कन्या दर रविवारी त्याची छायाचित्रे आम्हांस पाठवी. आणि आम्ही चष्मा पुसून ती पाहत असू. पक्षी पाहत असू असे म्हणणे मात्र अर्धसत्य होईल. छायाचित्राच्या कडेला तिच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसे. त्या खिडकीत एक पितळी तांब्या ठेवलेला दिसे. तो तांब्या आमच्या घरातला. सौभाग्यवतीची दृष्टी आधी तिकडे जाई.

एका दिवाळीस कन्या घरी आली ती तशीच एक बाटली घेऊन. “बाबा, तुम्हीही टांगा. मग आपण एकमेकांना फोटो पाठवू,” असे ती म्हणाली. बाटली टांगली गेली. साखरेत रंग मिसळावयाचा नाही, मध घालावयाचा नाही, कारण त्यावर बुरशी चटकन धरते, आणि उन्हाळ्यात एक दिवसाआड सारे ओतून बाटली उकळत्या पाण्याने धुवावयाची, असे तिचे कडक नियम होते. ते आम्ही पाळले. पहिल्या दिवशी मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी मधमाश्या आल्या. तिसऱ्या दिवशी वानगीदाखल गांधीलमाशी येऊन गेली. शिंजीर मात्र शेजारच्या आंब्यावरील बांडगुळाच्या फुलांवर बसून हा सोहळा दुरून पाहत राहिला. बाटली बनविणाऱ्याने ती तरंगत्या पाहुण्यासाठी बनविलेली. तिला टेकावयास दांडीसुद्धा नव्हती.

पंधरा दिवसांनी सौभाग्यवतीने निकाल दिला. “अहो, पाहुणा बोलवायचा तर त्याच्या रीतीचं जेवण नको का? बाटलीत नुसती साखर. उद्या त्याला पिलं झाली तर ती काय साखरपाण्यावर वाढणार?” हा युक्तिवाद बिनतोड होता. शिंजीर स्वतः मधावर राहील; पण पिलांना तो किडे आणि कोळी भरवतो. झाड लावले की मधही येतो आणि किडेही येतात. म्हणून बाटली धुऊन फळीवर ठेवण्यात आली, आणि परसाच्या कोपऱ्यात हॅमेलियाची दोन झुडपे लागली. हे झुडूप आता पुण्यात जागोजागी दिसते: शेंदरी-तांबड्या बारीक नळ्यांचे घोस, वर्षातून बरेच महिने. त्याचे मूळ अमेरिकेत. तेथे त्याच्या नळ्या गुंजनपक्ष्यासाठी घडल्या आणि लोकही त्याला त्याच पक्ष्याच्या नावाने ओळखतात. ते झाड समुद्र ओलांडून आले. त्याचा पक्षी आला नाही. परंतु झाडाने नव्या देशात आपली नळी पुढे केली आणि शिंजिराने ती मुकाट्याने ओठांस लावली. बसावयास बारीक काड्या होत्याच. कर्दळ आणि शंकासूर यांची कथाही हीच. अमेरिकेहून आलेल्या या वनस्पतींना आम्ही देवघरापर्यंत नेले आणि आमच्या पक्ष्यांनी आपल्या पंगतीला घेतले. आमच्याकडून तिकडे गेलेल्यांचे काय होते, हा विचार झुडपाला पाणी घालताना आमच्या मनात येई. तो आम्ही सौभाग्यवतीजवळ बोलून दाखवीत नसू, आणि तीही आमच्याजवळ बोलत नसे.

झुडपे डोक्याइतकी वाढली आणि आमच्या छायाचित्रणास आरंभ झाला. या विद्येची पहिली अडचण अशी की शिंजीर क्षणभर स्थिर राहत नाही. दुसरी अशी की तो जेव्हा राहतो तेव्हा काळाठिक्कर दिसतो. जांभळ्या नराची आमची पहिली शंभर छायाचित्रे पाहून कोणीही तो कोळशाचा तुकडा आहे असे म्हटले असते. यामागील कारण मोठे मौजेचे आहे. त्याच्या पिसांतील निळा-जांभळा हा कापडाला दिलेल्या रंगासारखा रंगच नव्हे. पिसाच्या अतिसूक्ष्म तंतूंत निरनिराळ्या द्रव्यांचे पातळ थर असतात. त्यांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि त्यांतून तो झगझगाट जन्मास येतो. साबणाच्या फुग्यावर किंवा ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतो तोच खेळ. प्रकाश योग्य कोनातून न आल्यास मागे उरतो तो केवळ काळा. म्हणून सूर्य तुमच्या पाठीशी हवा, तो तिरपा हवा आणि पक्ष्याची छाती तुमच्याकडे हवी. हे तीनही योग आमच्या परसात सकाळी सात ते साडेसात एवढ्या अवधीत जुळतात; पुढे समोरच्या इमारतीची सावली पडते. सूर्यपक्षी हे नाव ज्याने ठेवले त्याने हा अर्धा तास अनुभवला असला पाहिजे.

पंखांची गती गोठवावयाची तर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात काम उरकावे लागते. आजचे यंत्र ते बिनबोभाट करते. परंतु ही किमया जुन्या लोकांनी किती सायासाने साधली! अमेरिकेत १९३० च्या दशकात हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेच्या क्षणिक लखलखाटात गुंजनपक्ष्याचे पंख हवेत थांबवून दाखविले, तेव्हा लोकांनी डोळे विस्फारले. पुढे क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट नावाच्या एका मोठ्या रासायनिक कंपनीच्या अध्यक्षाने कारभाराच्या व्यापातून सवड काढून या पक्ष्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि १९६० साली त्यांच्यावर रंगीत छायाचित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. कंपनीचे अध्यक्ष जेथे गुंतले, तेथे एका प्राध्यापकाने अर्धा तास गुंतावे यात वावगे ते काय?

समोरच्या इमारतीतील एका अडत्या गृहस्थांनी आम्हांस एकदा स्पष्टच विचारले, “सर, एका फोटोमागे सुटतात किती?”

“काहीच नाही.”

“आणि यंत्राला पडले किती?”

आम्ही आकडा सांगितला. त्यांनी मनातल्या मनात व्याज धरले असावे. कारण बराच वेळ ते बोलले नाहीत. मग एकाएकी त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे सकाळची भवानी झाल्याशिवाय तुम्हांला चैन पडत नाही, असंच ना? मग बरोबर आहे. आमचंही तसंच. पहिला सौदा तोट्यात गेला तरी चालेल, पण झाला पाहिजे.” आमच्या छंदाचे इतके अचूक विवरण आमच्या एकाही विद्वान सहकाऱ्याने केलेले नाही.

छायाचित्र ‘टिपणे’ असा आपल्या भाषेत एक गोड प्रयोग आहे. पाखरू दाणा टिपते, कवी शब्द टिपतो, टीपकागद शाई टिपतो आणि यंत्र पाखराला टिपते. इंग्रजीत या कृतीला बंदुकीचा शब्द आहे. आणि तो आकाशातून पडलेला नाही. या दख्खनच्या पक्ष्यांची पहिली शास्त्रीय यादी कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३२ साली प्रसिद्ध केली. मुंबई सरकारच्या नोकरीत गणनेचे काम करीत त्यांनी हा मुलूख पायाखाली घातला, दोनशेंहून अधिक पक्षी नोंदविले आणि त्यांतील कित्येकांना शास्त्रीय नावे प्रथमच दिली. सह्याद्रीत राहणारा, तांबड्या पाठीचा एक देखणा शिंजीर आहे. त्याला साइक्सनी आपले समकालीन प्राणिशास्त्रज्ञ व्हिगर्स यांचे नाव दिले. परंतु त्या काळी पक्ष्याला नाव द्यावयाचे तर आधी त्याला झाडावरून खाली पाडावे लागे. हातात कातडे आल्याखेरीज जात ठरत नसे. साइक्सना दोष देण्याचा आमचा मानस नाही. त्यांच्या यादीवाचून पुढच्यांचे पाऊल अडखळले असते. एवढेच म्हणावयाचे की त्या दिवसापासून परसातल्या आमच्या खुर्चीपर्यंत मनुष्याने केलेला प्रवास हा थोडाबहुत पुढे जाणारा आहे. पूर्वी ओळख पटविण्यासाठी पक्षी मरत असे. आज त्याची सावली घेऊन आपण त्याला जाऊ देतो.

जाऊ देतो, असे म्हणताना आम्ही जरा थबकतो. कारण प्रश्न घरट्याशी येऊन ठेपतो. जुन्या काळी पक्ष्यांचे छायाचित्रण म्हणजे बहुधा घरट्याचे छायाचित्रण. यंत्रे अवजड, काचा मंद. पक्षी हमखास परत येईल अशी जागा एकच, ती म्हणजे त्याचे घर. लोदर यांचे हिंदुस्थानातील पक्षी-छायाचित्रणावरील पुस्तक १९४९ साली निघाले, ते त्या परंपरेचे. आता दुरून पाहणाऱ्या काचा निघाल्या आहेत आणि घरट्यापाशी जाण्याची निकड राहिलेली नाही. उलट अनुभवाने असे दिसून आले की, नेमके चित्र यावे म्हणून बाजूला केलेली एक डहाळी कावळ्याला आणि भारद्वाजाला पत्ता सांगते. म्हणून पक्षिप्रेमी मंडळींत घरट्याची छायाचित्रे आता निषिद्ध मानली जातात आणि पुष्कळशा स्पर्धांतून ती स्वीकारली जात नाहीत. हा नियम आम्हांस मान्य होता. मान्य असलेला नियम आणि पाळावा लागणारा नियम यांत किती अंतर असते, हे आम्हांस एका फाल्गुनात कळून आले.

त्या वर्षी कन्येला घरी येता आले नाही. परवान्याच्या कागदांचा काही घोळ होता. देश सोडला तर परत जाता येईलच असे नव्हते. दोन वर्षे झाली होती. फोनवर ती हसून बोले. परंतु हसणे संपल्यावर फोन ठेवावयास तिला वेळ लागे. आणि त्याच सुमारास एका जांभळ्या शिंजिराच्या मादीने आमच्या परसातील कपडे वाळत घालण्याच्या तारेवर, खिळ्याजवळच्या टोकाला, घरटे बांधावयास घेतले.

हे बांधकाम पाहण्याजोगे असते. ते मादी एकटी करते. नर जवळच्या फांदीवर बसून गातो. कोळ्याच्या जाळ्याचे धागे आणून ती आधी टांगण्याचा दोर वळते. त्यात गवताची पाती, सालींचे तुकडे, अळ्यांची विष्ठा, कागदाचा कपटा असे हाती लागेल ते गुंफते. आणि लांबट थैली तयार झाली की तिच्या तोंडावर पागोळ्या बाहेर पडाव्यात अशी छोटीशी पडवी काढते. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, तारेला कचरा अडकला आहे. आमच्या घरट्यात यार्डाचाही हातभार होता: फुलबाजारातील सुतळीचा एक तंतू आणि कसल्याशा पोत्याचा निळा धागा त्यात स्पष्ट दिसत होता. आत मऊ अस्तर घालून मादी बसू लागली. पडवीखालून तिची चोच तेवढी बाहेर दिसे.

आम्ही ही वार्ता कन्येला कळविली. तिचे उत्तर तत्काळ आले. “बाबा, रोज एक फोटो पाठवा. अंडी, मग पिलं, मग ती उडतील तोपर्यंत. मला घरचं काहीतरी रोज दिसू दे.”

वाचकहो, हे शब्द वाचून आम्ही बराच वेळ यंत्राच्या पिशवीकडे बघत बसलो. घरटे आमच्या खांद्याच्या उंचीवर होते. एक स्टूल, एक पाऊल, आणि अर्ध्या मिनिटाचे काम. मादी क्षणभर उडाली असती आणि परत आली असती. शंभरांत नव्वद वेळा ती येते. ज्या मुलीने दोन वर्षांत आमच्यापाशी काही मागितले नव्हते, तिने मागून मागितले ते एवढेसे. आणि नियम कोणी केला? ज्यांची मुले बहुधा याच गावात राहतात अशा मंडळींनी! मनुष्याचे मन स्वतःच्या सोयीसाठी केवढे तर्कशास्त्र उभारते, याचा प्रत्यय महाविद्यालयात तीस वर्षे तर्कशुद्ध लिहावयास शिकविणाऱ्यासही नव्याने यावा, हे विशेष.

आम्ही पेच सौभाग्यवतीपुढे ठेवला. तिने ओल्या कपड्यांची बादली खाली ठेवली. त्या तारेवर कपडे घालणे तिने तीन दिवसांपूर्वीच बंद केले होते. घरभर दांड्या बांधून तिने सारे कपडे आत नेले होते आणि याविषयी अवाक्षर काढले नव्हते. ती म्हणाली, “तिला घरचं दिसायला हवंय ना? मग मी सांगते तिला रोज. त्या बाईच्या बाळंतपणात तुम्ही यंत्र घेऊन उभे राहू नका.”

आणि तसेच झाले. एरवी रविवारी होणारे बोलणे त्या दिवसापासून रोज होऊ लागले. आमची सकाळ ती तिची रात्र. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून वृत्तान्त सांगे: आज बाई दहा मिनिटे उठून हॅमेलियावर जाऊन आली, आज नर दोनदा येऊन बघून गेला, आज मांजर भिंतीवर होते, त्याला हाकलले, आज पंधरावा दिवस, आणि आज तिच्या चोचीत कोळी होता, म्हणजे आत कोणीतरी तोंड उघडून बसले आहे. मधूनच विषय बदले. मेतकुटात डाळीचे प्रमाण किती, शेजारच्या मुलीचे लग्न कोठे ठरले, तुझ्या खोकल्याचे काय झाले. पक्षी निमित्ताला होता. जे छायाचित्रात कधीच आले नसते, ते त्या महिनाभरात तारेवरून गेले.

घरट्यात अंडी किती होती हे आम्ही पाहिले नाही. म्हणून पिले किती झाली हेही सांगू शकत नाही. एके सकाळी हॅमेलियाच्या खालच्या फांदीवर आखूड शेपटीचे, पिवळ्या गळ्याचे एक बावळट पोर बसलेले दिसले, आणि नर व मादी दोघेही त्याला भरवीत होते. त्या संपूर्ण काळात आम्ही एकच छायाचित्र घेतले. त्यात पक्षी नाही. स्वयंपाकघराच्या दारात टाचा उंचावून, एक हात कपाळावर आडवा धरून, कानाशी फोन लावून सौभाग्यवती परसाकडे बघते आहे. तिच्यामागे दांडीवर धुतलेली धोतरे आणि साड्या दाटीवाटीने टांगल्या आहेत. ते आम्ही कन्येला पाठविले. ते आता तिच्या त्या खिडकीत, पितळी तांब्याशेजारी, लावलेले आहे असे ती सांगते.

तिचे कागद पुढे मार्गी लागले. ती येऊन गेली आणि परत गेली. ती कायमची येणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे आणि आम्हांसही. तिच्या बोलण्यात आता इंग्रजीचे वळण आले आहे. तिची न्याहारी निराळी, सणवार निराळे, ऋतू निराळे. एखादे दिवशी तिच्या शेजारणीचा आणि तिचा चेहरा आम्हांस सारखाच वाटतो. काम सारखे पडले म्हणजे चर्या सारखी होते, हे शास्त्रज्ञांनी शिंजिराविषयी आणि गुंजनपक्ष्याविषयी सांगितलेच आहे. परंतु त्या सिद्धान्ताची दुसरी बाजूही त्यांनीच सांगितली आहे, आणि तिचा आम्हांस अधिक आधार वाटतो. साम्य म्हणजे नाते नव्हे; तसेच वेगळेपण म्हणजे नाते तुटणे नव्हे. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या, गुंजनपक्ष्यासारख्या एका पक्ष्याचे अवशेष जर्मनीत सापडले, ही गोष्ट २००४ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्या कुळाचा एकही वंशज आज पूर्व गोलार्धात नाही, त्याचे घर एके काळी इकडेही होते. आणि त्याचे सोयरे तर आजही येथेच आहेत. फुलावर तरंगणारे ते रत्न आणि यार्डाच्या धुरकट आभाळात तोंड उघडून किडे वेचणारी ही मातकट पाकोळी यांत पाहणाऱ्याला काडीचेही साम्य दिसत नाही. पण पंखाचे हाड तपासणारा सांगतो की ही दोघे एका घरची आहेत.

यासाठी आम्ही हल्ली यंत्राचा रोख अधूनमधून वर करतो. पाकोळीचे छायाचित्र शिंजिराहूनही अवघड. ती कधी टेकतच नाही, आणि आली तरी चित्रात आकाशावर एक काळा विळा तेवढा उमटतो. असा एक विळा आम्ही गेल्या महिन्यात कन्येला पाठविला आणि खाली लिहिले, ‘तुझ्या पाहुण्याचे आप्त.’ तिने तिच्या बाटलीवरच्या पक्ष्याला तो दाखविला, असे तिचे म्हणणे आहे. त्याने काय उत्तर दिले ते तिने अजून कळविलेले नाही.